बारा टोपल्या आणि लोकरीचे उरलेले गुंडे

आधार : योहान ६ : १ ते १३, रूथ २ : १ ते १८



ज्या घरांत लोकरीचें विणकाम होतें त्या घरांत एखादी पेटी, डबा किंवा उशीची जुनी खोळ अशी असते कीं, ती सहसा कोणी उघडीत नाहीं. तींत उरलेली लोकर असते. कोणा बाळाच्या टोपड्यांतून राहिलेला मुठीएवढा गुंडा, स्वेटराचा दुसरा हात पुरा झाल्यावर शिल्लक पडलेली अर्धी लड, कोठें नुसती वीतभर शेपटी. ती फेकवत नाहीं आणि तिचें कांहीं होतहि नाहीं. ज्येष्ठांत पाऊस लागण्यापूर्वीं ती उन्हांत पसरावयाची, कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा बांधून ठेवावयाची, असा क्रम वर्षानुवर्षें चालतो. आमच्या मावळांत पावसाळा मोठा; चार महिने घरांतलें कापड कोरडें म्हणून सांपडत नाहीं, आणि एवढी खबरदारी घेऊनहि कसर लागावयाची ती लागतेच.

ह्या पेट्यांविषयीं आज बोलावयाचें आहे. कोणी म्हणेल, उपदेशकास दुसरा विषय मिळाला नाहीं काय? विषय पुष्कळ आहेत. परंतु हा विषय मागच्या हिवाळ्यांत नवलाख उंबरे येथें मला फार महाग पडला, आणि जें महाग पडलें तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

प्रथम शास्त्राकडे पाहूं. जवाच्या पांच भाकरी व दोन मासळ्या एवढ्या सामग्रीवर प्रभूनें पांच हजार पुरुषांस जेवूं घातलें, ही गोष्ट आपल्या मुलांसहि पाठ आहे. चारहि शुभवर्तमानांत ती आली आहे. परंतु भाकरी जवाच्या होत्या, म्हणजे गरिबाघरच्या होत्या, हें एकटा योहानच सांगतो. आणि सर्वांचीं पोटें भरल्यावर उरलेलें अन्न वेचून घेण्याचा हुकूम प्रभूनें स्वतः शिष्यांस दिला, हेंहि एकटा योहानच सांगतो. इतरांनीं टोपल्या सांगितल्या, हुकूम सांगितला नाहीं. ज्याच्या हातीं भाकर वाढते त्यास तुकड्यांची काय गरज होती? पुन्हा भूक लागली तर पुन्हा आभार मानून पुन्हा मोडतां आली असती. ज्याच्यापाशीं विपुलता होती त्यानेंच तुकड्यांची चौकशी केली, आणि आपण, ज्यांच्यापाशीं पांचच भाकरी आहेत ते, तुकड्यांकडे ढुंकून पाहत नाहीं.

त्या बारा टोपल्यांचें पुढें काय झालें हें शास्त्र सांगत नाहीं. मला लहानपणापासून ह्याचें कुतूहल आहे. पुष्कळ शास्त्र्यांस विचारलें, प्रत्येकानें निराळें सांगितलें. एवढें मात्र उघड आहे कीं, ते तुकडे त्याच भाकरीचे होते. लोकांनीं पहिल्या घांसास जी खाल्ली तीच भाकर टोपलींत गेली. शिळें, बुरसटलेलें, गुरांपुढें टाकावयाचें असें तें नव्हतें. ही गोष्ट मनांत धरून ठेवा, कारण मीं ती धरली नाहीं व त्यामुळेंच फसलों.

आतां लोकरीकडे वळूं. उरलेली लोकर खपविण्यास क्रोशासारखें दुसरें काम नाहीं. दोन सुयांच्या विणकामांत साऱ्या ओळीचे टाके एकदम सुईवर असतात. क्रोशांत आंकडीच्या सुईवर बहुधा एकच फांस राहतो. एक खांब पुरा झाला म्हणजे दुसरा घ्यावयाचा. म्हणून दोरा जेथें संपला तेथें थांबतां येतें आणि तेथूनच दुसरा रंग लावतां येतो. चार साखळ्यांची कडी करावी, तींत तीनतीन खांबांचे चार झुबके घालावे, मग प्रत्येक फेरींत कोपऱ्यावर दोनदोन झुबके वाढवीत जावें; थोड्याच वेळांत तळहाताएवढा चौकोन तयार होतो. असे चौकोन जोडले कीं पांघरूण. ह्या तऱ्हेच्या चौकोनाचा छापील नमुना १८८५ सालीं अमेरिकेंतील ‘प्रेअरी फार्मर’ नांवाच्या शेतकऱ्यांच्या पत्रांत आला होता. खेड्यांतील वाचकांच्या पत्रांत विणकामाच्या गोष्टी कशाला, असें ज्यास वाटत असेल त्यानें हें ध्यानांत घ्यावें.

तुकडे जोडून मोठें काम करण्याची ही रीत दुष्काळांतहि उपयोगी पडली आहे. आयर्लंड देशांत १८४५ सालापासून बटाट्याचें पीक जागच्या जागीं कुजूं लागलें आणि लाखों माणसें उपासानें व रोगानें मेलीं. त्या वेळीं मठांतील स्त्रियांनीं व इतर दयाळू बायांनीं गरीब घरच्या मुलींस बारीक सुताचा क्रोशा शिकविला. एका घरीं फुलें विणीत, दुसऱ्या घरीं पानें, तिसऱ्या घरीं द्राक्षांचे घोंस; मग सारे नग एकत्र करून मधली जाळी विणून जोडीत. ती जाळी विकून आलेल्या पैशावर पुष्कळ घरांची चूल पेटली. आपल्याकडे गोधडी आहेच. जुन्या लुगड्यांच्या, धोतरांच्या चिंध्या आंत व धड लुगडें वर. मावळांतील कोणत्या आजीला ती शिवतां येत नाहीं?

हें सर्व मला ठाऊक होतें. ठाऊक असून जें केलें तें आतां ऐका.

नवलाख उंबऱ्याच्या अंगाला तळेगांवचें औद्योगिक क्षेत्र वाढत आलें आहे. जेथें पूर्वीं भाताचीं खाचरें होतीं तेथें कारखाने आहेत, आणि कारखान्यांत कंत्राटावर काम करण्यासाठीं मराठवाड्यांतून, विदर्भांतून व दूरच्या प्रांतांतून आलेलीं कुटुंबें पत्र्याच्या खोल्या भाड्यानें घेऊन राहतात. पत्रा उन्हाळ्यांत तापतो व मार्गशीर्ष-पौषांत रात्रीं बर्फासारखा गार होतो. ह्या खोल्यांकरितां आपण पांघरुणें करावीं असें माझ्या मनांत आलें, आणि एका रविवारीं उपासनेनंतर मीं सांगितलें कीं, ज्याच्या घरीं लोकर उरली असेल त्यानें ती आणावी. पंधरा दिवसांत तीन पोतीं भरलीं. मला काय आनंद झाला! पुढच्या रविवारीं मीं बारा टोपल्यांवर उपदेश केला आणि शेवटीं त्या तीन पोत्यांकडे बोट दाखविलें. आज त्या उपदेशाची आठवण झाली म्हणजे मान खालीं जाते.

पोतीं उघडलीं तीं भगिनींनीं, मीं नव्हे. तिसरा हिस्सा कसरीनें खाल्लेला. कांहीं उंदरांनीं कुरतडलेला. कांहीं जुने स्वेटर न उसवतां, गुंड्यांसकट तसेच कोंबलेले. कोणाच्याहि मनांत कपट होतें असें मी म्हणत नाहीं; घरांतली अडगळ निघाली व पुण्यहि लागलें, असें सर्वांस वाटलें, आणि मला तर सर्वांहून अधिक वाटलें. नाताळ जवळ आला होता. मीं घाई केली. “फावल्या वेळांत करा, पण नाताळापूर्वीं झालें पाहिजे,” असें सांगितलें. सात पांघरुणें झालीं. त्यांतलें एक मीं स्वतः एका खोलीवर नेऊन दिलें. दारांतच उभा राहून दिलें, प्रार्थना केली, परत आलों.

चार दिवसांनीं ती बाई आमच्या दारीं आली. पांघरूण धुतलेलें, नीट घडी केलेलें. ती म्हणाली, “मास्तर, रागावू नका. ह्यात पोराचं बोट अडकतं रात्री, आणि दोन जागी उसवलंय. मी नीट केलं असतं, पण मला ही विद्या येत नाही. दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल.”

मीं म्हटलें, “ताई, असूं द्या कीं, थंडी आहे.”

ती म्हणाली, “आम्ही उघड्यावर नाही, मास्तर. घोंगडी आहे आमच्याकडं.”

बंधूंनो, तिनें मला एकहि उणा शब्द बोलला नाहीं. परंतु ती गेल्यावर मीं तें पांघरूण उलगडलें आणि पहिल्यानेंच त्याची उलट बाजू पाहिली. सगळीकडे गांठी. दोऱ्यांचीं टोकें लोंबत होतीं. जोडणी पांच रंगांची, कारण जें हातीं आलें त्यानें जोडलें होतें. किनार नाहीं. एका कोपऱ्याला कसरीचा वास. हें मी आपल्या घरच्या पाहुण्यास पांघरावयास दिलें असतें काय?

मलाखी संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायांत देवाची तक्रार आहे. लोक वेदीवर आंधळें, लंगडें, रोगट जनावर आणीत आणि अर्पण केल्याचें समाधान मानीत. देव त्यांस विचारतो कीं, असलें जनावर तुमच्या सुभेदारास नजर करून पाहा, तो तुमच्यावर प्रसन्न होतो काय तें. आम्हीं ती परीक्षा केली नाहीं. आमचें जनावर लंगडें आहे हें मराठवाड्यांतल्या एका मजूर बाईनें आम्हांस चार दिवसांत दाखवून दिलें.

तर मग उरलेलें दुसऱ्यास देऊंच नये काय? कोणी असा प्रश्न करील, व तो योग्य आहे. त्याचें उत्तर रूथेच्या पुस्तकांत आहे. मावळांतल्या शेतकऱ्यास तें पुस्तक समजावून सांगण्याची गरज नाहीं, कारण सरवा वेचणें म्हणजे काय हें आपण जाणतों. भात कापून पेंढ्या बांधल्यावर खाचरांत ज्या लोंब्या राहतात त्या गरिबाच्या. मोशेच्या नियमशास्त्रांत ही रीत धन्याच्या मर्जीवर सोडलेली नाहीं. शेताच्या कडेपर्यंत विळा चालवूं नये आणि पडलेलें पुन्हा उचलूं नये असा स्पष्ट हुकूम लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायांत आहे. म्हणजे सरवा हें धन्याच्या खळ्यावरचें झाडलेलें भूस नव्हे. उभ्या पिकांतलाच तो वांटा आहे. त्याच पावसावर आलेला, त्याच उन्हांत पिकलेला.

पण बवाज एवढ्यावर थांबला नाहीं. रूथ परदेशी, विधवा, सासूला सांभाळणारी. ती सरवा वेचीत असतां त्यानें आपल्या गड्यांस बजावलें कीं, तिला कोणी टोचून बोलूं नये, तिला पेंढ्यांमध्यें वेचूं द्यावें, आणि बांधलेल्या पेंढ्यांतूनच मूठमूठ उपसून तिच्या वाटेंत मुद्दाम टाकावी. हें वाचतांना पूर्वीं मी पुढें जात असें. आतां थांबतों. बांधलेली पेंढी उरलेली नव्हती. ती घरीं जावयाची होती, विकावयाची होती, तिच्यावर बवाजाचें वर्ष चालावयाचें होतें. ती त्यानें सरव्यांत मिसळली, आणि अशा बेतानें मिसळली कीं रूथेस आपण भीक घेतों असें वाटूं नये. संध्याकाळीं तिनें काठीनें झोडून मापलें तों जवळजवळ एक एफा जव भरले. नुसत्या सरव्यानें एवढें माप भरत नाहीं, हें जिनें कधीं सरवा वेचला आहे तिला विचारा.

तळेगांव दाभाडे येथें १९०८ सालीं पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे ह्या गृहस्थांनीं माणशीं एक पैसा मागत गांवोगांव फिरून तो फंड उभा केला होता. तो पैसा कोणाच्या घरीं उरलेला म्हणून पडलेला नव्हता. ज्यानें दिला त्यानें मिठामिरचींतून काढून दिला. आणि काच ओतणारे लोक फुटक्या काचेचें काय करितात तें पाहा. फुटकी काच ते फेकीत नाहींत. ती भट्टींत घातली म्हणजे माल लौकर वितळतो व जळण वांचतें. परंतु घालण्यापूर्वीं ती निवडतात, धुतात, रंग वेगळे करितात, आणि बहुधा तिच्याबरोबर नवी वाळू, सोडा व चुनखडी घालतात. फुटकीं बाटलींचीं तोंडें तशींच गिऱ्हाइकाच्या हातीं कोणी देत नाहीं.

आतां एक गोष्ट जी लोकरीहूनहि मला अधिक टोंचते. मीं भगिनींस “फावल्या वेळांत करा” असें सांगितलें होतें. कोणाचा फावला वेळ? आंध्रांत पश्चिम गोदावरी जिल्ह्यांत नरसापूर म्हणून गांव आहे. त्या भागांत एकोणिसाव्या शतकांत मिशनरी कुटुंबांनीं स्त्रियांस क्रोशाची लेस शिकविली, ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली, आणि २०२४ सालीं तिला भौगोलिक मानांकनहि मिळालें. हें अभिमानानें सांगण्यासारखें आहे. परंतु मारिया मीस नांवाच्या जर्मन विदुषीनें १९८२ सालीं त्या लेस विणणाऱ्या बायांवर पुस्तक लिहिलें, त्यांतली हकीकत अभिमानाची नाहीं. घरचें सर्व काम उरकून त्या बाया तासन्‌तास विणीत. माल परदेशीं जाई. नफा व्यापारी घेत. आणि बायांस मिळे ती मजुरी अगदीं क्षुल्लक, कारण त्या मजूर नसून घरीं बसल्याबसल्या रिकाम्या वेळांत कांहींतरी करणाऱ्या गृहिणी आहेत, असें सर्वांनीं ठरवून टाकलें होतें. पाहा, लोकर उरलेली असते हें समजतें. बाईचा वेळ उरलेला आहे असें कोणी ठरविलें? बाजारांत खरें क्रोशाचें जें काम विकावयास येतें तें कोणाच्या तरी हातानेंच विणलेलें असतें. तें फार स्वस्त मिळालें तर कोणाचे तरी डोळे स्वस्त गेले असें समजावें.

आमच्या मंडळींतील एका वृद्ध भगिनीनें घड्याळ समोर ठेवून पाहिलें. तिचा हात सराईत. तरी पांच इंची एका चौकोनास अर्धा तास लागतो. मोठ्या माणसाच्या पांघरुणास रुंदींत १० व लांबींत १४ असे १४० चौकोन लागतात, म्हणजे ७० तास. जोडणी व किनार निराळी. भात लावणाऱ्या, जनावरांचें शेणघाण करणाऱ्या, दोन मैलांवर कामाला जाणाऱ्या बाईस मीं सत्तर तास “फावले” म्हणून सांगितले होते!

यापो गांवची टबीथा आठवा. ती मेल्यावर विधवांनीं पेत्राभोंवतीं उभें राहून, तिनें त्यांच्यांत असतां केलेले अंगरखे व वस्त्रें रडत रडत दाखविलीं, असें प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायांत आहे. मेलेल्या बाईनें दिलेलें कापड लोक चारचौघांत केव्हां दाखवितात? तें अंगाला बसत असेल, त्याची शिवण धड असेल, तें घालून बाहेर पडण्याची लाज वाटत नसेल, तेव्हांच. आणि आपल्याच पुणें जिल्ह्यांत केडगांव आहे. १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्यप्रांतांतून मुली आणून तेथें त्यांचें घर केलें. त्या मुली जगानें टाकलेल्या होत्या. परंतु त्यांच्या वांट्यास उरलेंसुरलें शिक्षण आलें नाहीं. मुक्तिसदनांत त्या वाचावयास शिकल्या, विणावयास, शिवावयास शिकल्या, आणि बाईंचें मराठी पवित्र शास्त्र त्यांच्याच छापखान्यांत स्त्रियांनीं खिळे जुळवून छापलें. १९२२ सालीं बाई निवर्तल्या. ग्रंथ १९२४ सालीं पुरा बाहेर आला.

तर त्या परत आलेल्या पांघरुणाचें काय झालें तें सांगतों. मीं तें उचलून त्या वृद्ध भगिनीकडे नेलें. तिनें अंगणांत उन्हांत पसरलें, सगळीकडून हात फिरविला, आणि म्हणाली, “मास्तर, हे आपण त्या बाईसाठी केलंच नाही. आपल्या पेट्या मोकळ्या करायला केलं.” मग तिनें शेवटची गांठ शोधून सोडली. क्रोशाचें काम उसवणें फार सोपें आहे. शेवटचा फांस मोकळा झाला कीं ओढलें तसें सारें सुटत जातें. दुपार टळेपर्यंत सगळे चौकोन सुटे झाले, आणि त्यांतले निम्मे पुरते उसवले. उसवलेली लोकर कुरळी पडते. ती लड करून, चार ठिकाणीं सैल बांधून, कोमट पाण्यांत भिजवून, हलके निथळून टांगली म्हणजे सरळ होते. लडी टांगण्याचें व गुंडे करण्याचें काम मजकडे आलें. पहिले दोन गुंडे मीं इतके आवळून केले कीं ते पुन्हा सोडावे लागले.

त्यानंतर जी निवड झाली ती सर्वांनीं शिकण्यासारखी आहे. कसर लागलेलें व कुजकें सारें काढून टाकलें, ह्याविषयीं दयामाया केली नाहीं. मग मेंढीची लोकर व कारखान्याचा धागा वेगळा केला. आज बाजारांत आपण जिला लोकर म्हणतों ती बहुतेक अॅक्रिलिक असते. शंका आली तर बोटभर तुकडा चिमट्यांत धरून जाळून पाहावा : मेंढीच्या लोकरीस जळलेल्या केसांचा वास येतो व राख बोटानें चुरते, अॅक्रिलिक वितळून त्याचा कठीण मणी होतो. दोन्ही एका पांघरुणांत घालूं नयेत. मेंढीची लोकर ऊन पाण्यांत आटते, दुसरी आटत नाहीं, आणि पहिल्या धुण्यासच पांघरूण वाकडें होतें. चुलीवरचीं भांडीं धरावयाच्या पकडी अॅक्रिलिकच्या मुळींच करूं नयेत. त्यास सूतच पाहिजे. त्यानंतर जाडीप्रमाणें ढीग केले. दोनपदरी धागा चारपदरीच्या शेजारीं बसवावयाचा तर तो दुहेरी घ्यावा, नाहींतर चौकोन लहान पडतो. गांठ मारून दोरा तोडूं नये. चार बोटें टोंक राखून तें बोथट सुईनें टाक्यांच्या पोटांतून एकदा इकडे व एकदा तिकडे ओढून घ्यावें. रात्रीं मुलाचें बोट अडकूं नये म्हणून मोकळे झुबके सोडून भरीव खांबांचे चौकोन घेतले. त्यास लोकर अधिक लागली.

आणि बवाजाची पेंढी येथेंच लागली. शेवटची फेरी, जोडणी व किनार ह्यांसाठीं एकाच रंगाची नवी लोकर विकत आणावी असें भगिनींनीं ठरविलें. उरलेले तीस रंग असले तरी प्रत्येक चौकोनाची शेवटची फेरी एका रंगाची झाली म्हणजे डोळ्यास तें एक कापड दिसतें. ती लोकर तळेगांवच्या बाजारांतून आली, आणि तिचे पैसे नाताळाच्या जेवणांतून काढले. ह्यावर मंडळींत थोडी कुरकुर झाली हें लपवीत नाहीं. एक गोड पदार्थ कमी झाला. कुरकुर करणाऱ्यांत पुरुष अधिक होते, आणि ज्यांनीं पोत्यांत सर्वांत वाईट लोकर आणली त्यांचाच आवाज मोठा होता, असें मला वाटलें. परंतु उपदेशकानें असें मोजूं नये.

वेळेचाहि हिशेब झाला. गुरुवारीं दुपारीं विणकाम. त्या दिवशीं त्या घरचें पाणी भरणें व संध्याकाळचा स्वयंपाक पुरुषांनीं करावा असें ठरलें. तीन घरांत हें नीट चाललें, एका घरांत दोन आठवडे चाललें, बाकीच्यांविषयीं न बोलणें बरें. सात पांघरुणांऐवजीं चारच झालीं, आणि तींहि नाताळ होऊन गेल्यावर, माघ लागतांना.

त्या खोलीवर मी पुन्हा गेलों तेव्हां ती वृद्ध भगिनी बरोबर होती. बाईनें पांघरूण हातांत घेतलें व प्रथम उलटें करून पाहिलें. बोटानें जोडणी चांचपली, एक कोपरा ओढून बघितला. मग म्हणाली, “किती दिवस लागले, आजी?” आजीनें खरें तें सांगितलें. बाईनें पांघरूण पेटीवर ठेवलें, चटई टाकली, आम्हांस बसावयास सांगितलें आणि स्टोव्हवर चहा ठेवला. मागच्या वेळीं मीं उंबरा ओलांडला नव्हता, व तिनेंहि ‘आंत या’ म्हटलें नव्हतें. चहा होईपर्यंत दोघी बायकांचें बोलणें बाळाच्या खोकल्यावरून सुरू होऊन तिच्या गांवच्या विहिरीपर्यंत गेलें. मी ऐकत बसलों.

निघतांना तिनें पेटींतून एक लहानशी पुरचुंडी काढली. तींत तिच्या बाळाच्या टोपड्यांतून उरलेली तांबडी लोकर होती, दोन तोळ्यांहून अधिक नसेल. तिनें ती आजीच्या हातीं दिली. कसर नव्हती, गांठ नव्हती; गुंडा सैल व गोल होता, माझ्या गुंड्यांहून पुष्कळ चांगला. पांचव्या पांघरुणाचा मधला चौकोन त्याच लोकरीचा झाला आहे.

पुढील गुरुवारीं नवलाख उंबरे येथें आजींच्या ओट्यावर दुपारीं तीन वाजतां बसावयाचें आहे. ज्यांस लोकर आणावयाची असेल त्यांनीं ती घरींच उन्हांत घालून, निवडून, गुंडे करून आणावी. पांढऱ्या नव्या लोकरीचे सहा गुंडे अजून कमी आहेत. क्रोशाची सुई चार नंबरची असावी. ज्यांस विणतां येत नाहीं त्यांस लडी धरावयास बोलाविलें आहे.